माजरीबाई खरी की खोटी

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. कळसाडी

रिना पावराचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. रिना बारावीला माझ्या वर्गात होती. आता तोरणमाळला उपकेंद्रात नर्स आहे. म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर्गात एका इंग्लंडच्या कवयित्रीचं सांगायच्या ना, तळ्याच्या कवितावाली? ती आमच्या घरी राहते."

"कोण?"

"मार्जरी कोल्बी. आई तिला माजरीबाई म्हणते."

मी हसले. मग हसू आपोआप थांबलं. मार्जरी कोल्बीचं नाव या जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. पंधरा वर्षं मी तिच्यावर पीएच.डी. करते आहे. 'मार्जरी कोल्बी : जीवन आणि काव्य'. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे वारले, तिसऱ्यांना वाटतं मी प्रबंध कधीच देणार नाही. घरात तर तो विषय जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा झालाय. फडताळात असतो, झाकण कोणी उघडत नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार आला तो असा, की हे भरतसरांना कळलं तर? ते विभागप्रमुख आहेत, आणि दुसऱ्याच्या शेतातलं पीक आपल्या खळ्यात कसं आणायचं हे त्यांना चांगलं कळतं. दुसरा विचार, रिनाला यातून नक्की काय हवंय?

म्हणून आजपासून लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणालं की हे मी आधी शोधलं, तर तारखा माझ्याजवळ असाव्यात.

१९ नोव्हेंबर, रविवार

नवऱ्याला, हेमकांतला, घेऊन वर तोरणमाळला गेले. त्याच्या उसाला तोड आलीय, तरी गाडी काढली. शहाद्याला कॉलेजात मी 'तळोद्याला मावशीकडे जाते' असं सांगून ठेवलं होतं. घाट चढताना कानात दडे बसले.

रिनाचं घर तळ्यापासून थोडं आत आहे. कुडाच्या भिंती, पुढे मोठा ओटा, बाजूला तुरीचं शेत. रिनाचे वडील उदेसिंग बैल सोडत होते. आई तुळशीबाई ओट्यावर सीताफळं निवडत होती, आणि तिच्या शेजारी, तशीच मांडी घालून, पांढऱ्या केसांची एक उंच गोरी बाई बसली होती. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर.

पुस्तकाच्या मागचा फोटो मी इतकी वर्षं पाहिलाय. चेहरा तोच आहे. पण चेहरे सारखे असतात.

मी इंग्रजीत माझं नाव, कॉलेज, प्रबंधाचा विषय सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किती छान. आणि तो कोणावर आहे?"

मला वाटलं, विनोद करतेय. मी म्हटलं, "तुमच्यावर." ती म्हणाली, "अरे देवा!" आणि तुळशीबाईकडे बघून हसली. तुळशीबाईही हसली, जसं काही दोघींमध्ये आधीच ठरलेलं होतं.

नंतर तिनं एक सीताफळ उचललं, बोट लावून दाखवलं. तुळशीबाईनं त्यांच्या पावरी बोलीत त्याचं नाव सांगितलं. तिनं ते म्हणून पाहिलं. मग दुसरं सीताफळ उचललं, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तासाभरात असं कितीदा तरी झालं. माझ्या एकाही प्रश्नाला मात्र धड उत्तर नाही.

निघताना तिनं मला विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?"

याला मी उर्मटपणा म्हणते. हेमकांत घाटात म्हणाला, "अवं, म्हातारी शे ती. बठू दे तिले उन्हमा." त्याला सगळेच गरीब दिसतात.

२० नोव्हेंबर

सासूबाईंना सांगायचं नव्हतं, पण हेमकांतनं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "गोरी बाई इतली दूरथून फुकट येत नही. तिले जमीन पाहिजे व्हई. नहीते धरम बदलाना व्हई." उद्या दुपारपर्यंत सगळ्या कळसाडीला ठाऊक होईल.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज एकटीच गेले, म्हसावदहून वडापच्या जीपने. माझ्याजवळ तिची सातही पुस्तकं होती.

तिचं आयुष्य मला तिच्याइतकंच पाठ आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलीच्या मुलखात जन्म. वडील कालव्याच्या दरवाज्यांवर नोकरीला. ती बियाण्यांच्या दुकानात कामाला. नवरा ॲलन, गवतांचा अभ्यासक. चौतिसाव्या वर्षी 'तळ्याचं वर्ष' निघालं आणि नाव झालं. मग हळूहळू लोक विसरले. २०१६ला शेवटचा संग्रह, 'दाराची कडी'. सगळ्या पुस्तकांची अर्पणपत्रिका एकच: 'एन.ला'. एन. म्हणजे कोण हे कोणालाच सापडलं नाही. प्रबंधात मी तिचा एखादा मित्र धरलाय, निकोलस किंवा नॉर्मन.

आज मी 'दाराची कडी' तिच्या हातात दिलं. तिनं कव्हरवरून हात फिरवला. एक कविता वाचली, ओठ हलवत, लहान मुलासारखी. म्हणाली, "ही चांगली लिहिते. कोण आहे?"

मी पुस्तक मिटून कव्हरवरचं नाव तिच्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "तुम्ही." तिनं त्या नावावरून सावकाश बोट फिरवलं आणि मग फार सावधपणे म्हणाली, "हो, अर्थात."

त्या 'अर्थात'वर माझा विश्वास नाही. खोटं बोलणारा माणूस असाच थांबून 'हो' म्हणतो. परीक्षेच्या हॉलमध्ये मी हे शेकडो वेळा पाहिलंय.

पण तळ्याबद्दल विचारलं तर सगळं धडाधड आलं. कुठल्या काठाला म्हशी उतरायच्या, पावसात पाणी कुठवर चढलं होतं, ॲलनचे बूट चिखलात कसे अडकले. मी तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केलंय की ते तळं इंग्लंडच्या उत्तरेकडचं आहे, तिच्या एकटेपणाचं थंड प्रतीक. तिथे म्हशी कुठल्या?

मी तुळशीबाईला विचारलं. ती म्हणाली, "माजरीबाई पहिले आली तेव्हा मी नवी सून होती. साहेब गवत जमा करायचा. ही माझ्या सासूजवळ राहायची, नानीबाईजवळ. चूल, पाणी, जंगल, सगळं तिच्याबरोबर. नानीबाई मेली तेव्हा हिनं तिकडून फुलांचं चित्र पाठवलं."

म्हणजे तुळशीबाईच्या लग्नाचं साल धरलं तर ही बाई एक्याऐंशी साली इथे खरंच होती. पण कवयित्री म्हणूनच होती असं कुठे आहे? गवतवाल्याच्या बरोबर आलेली कोणीही बाई असू शकते. चाळीस वर्षांपूर्वीची म्हैस आठवते आणि सात वर्षांपूर्वीचं आपलंच पुस्तक आठवत नाही, असं कुठे असतं का?

३ डिसेंबर, रविवार

रिना काहीतरी लपवतेय. मी ओट्यावर चढले तेव्हा ती माजरीबाईला गोळी देत होती. मला पाहून पाकीट एप्रनच्या खिशात घातलं.

"कसली गोळी?"

"झोपेची, मॅडम." सकाळचे दहा वाजले होते.

घरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या. साखर, चहा, मीठ. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. मी विचारलं तर रिना म्हणाली, "आईला इंग्रजी शिकवतात त्या." तुळशीबाईला अक्षरओळख नाही हे मला माहीत नाही असं तिला वाटतं का?

नळावर पाणी भरायला माजरीबाई निघाली तर तुळशीबाई पाठोपाठ. शौचाला गेली तरी बाहेर उभी. मी एकदा तिच्याशी एकटीनं बोलायचं म्हटलं तर उदेसिंग समोर येऊन बसले आणि विळ्याला धार लावत राहिले. हा पाहुणचार नव्हे, पहारा आहे.

५ डिसेंबर

विचार करून ठेवते. शक्यता एक: ही मार्जरी कोल्बी नव्हे. शक्यता दोन: ही मार्जरी कोल्बी आहे, पण कविता तिच्या नाहीत. एन.नं लिहिल्या, तिनं आपल्या नावावर छापल्या, आणि एन. मेल्यावर ती इतक्या लांब येऊन दडली, कारण इथे कोणी प्रश्न विचारणार नाही. अर्पणपत्रिका म्हणजे मनाची टोचणी.

दुसरी शक्यता खरी असली तर माझा प्रबंध म्हणजे नुसता प्रबंध राहणार नाही.

१० डिसेंबर, रविवार

आज सापळा लावला.

तिच्या शैलीत मी स्वतः एक ओळ रचून नेली होती. इंग्रजीतच केली; मराठीत साधारण अशी होईल: 'तळ्यानं माझं नाव विचारलं, मी खडा टाकून उत्तर दिलं.' ती म्हणून दाखवली आणि विचारलं, "ही ओळ तुम्ही कधी लिहिली, आठवतं?"

ती ओळ तिनं स्वतःशी पुन्हा म्हटली. डोळे मिटले. म्हणाली, "पावसाळ्यात असेल. चांगली आहे, नाही? ही ठेवायला हवी."

बस. सापडली. मी शांत चेहऱ्यानं सीताफळ खाल्लं.

परतताना जीपमध्ये एक विचित्र गोष्ट झाली. 'चांगली आहे' हे तिचे शब्द मनात पुन्हापुन्हा येत राहिले, आणि मला बरं वाटत राहिलं. याचा प्रकरणाशी काही संबंध नाही. नोंद म्हणून लिहिलं.

२१ डिसेंबर

भरतसरांना कळलंच. कसं? मी कोणाला बोलले नाही. हेमकांत कॉलेजच्या हिशेबनीसाबरोबर ऊसतोडीच्या टोळीसाठी बोलायला गेला होता, तिथे बोलला असेल. विचारलं तर म्हणाला, "मी काय बोलसू? तू त्या बाईना मांगे पोलिसगत लागी ऱ्हायनी, आनि मले इचारस?"

प्राचार्य चुडामणसर तर हरखलेत. जानेवारीच्या चर्चासत्राला 'आंतरराष्ट्रीय कवयित्री'ला आणायचंच म्हणतात. भरतसर म्हणाले, "शीलाताई, तुमचाच मान. मुलाखत तुम्हीच घ्या." इतका मोठेपणा त्यांनी कधी दाखवला नाही. मी तोंडावर आपटावी अशी इच्छा असणार.

पण मी आपटणार नाही. माझ्याजवळ ती ओळ आहे.

६ जानेवारी २०२४, शनिवार

रिनानं नाही म्हटलं. "मॅडम, त्यांना गर्दी सोसत नाही. नका नेऊ." मी म्हटलं, "कवयित्री आहेत, दोन कविता वाचतील, त्यात काय?" ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. वर्गातही उत्तर येत नसलं की असंच करायची.

मी सरळ माजरीबाईलाच विचारलं. ती खुशीत म्हणाली, "येईन की! तुळशी येणार ना?"

मग रिना म्हणाली, "मीपण येते." मी मनात म्हटलं, ये, तूही ऐक.

२० जानेवारी, शनिवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

हॉल भरला होता. माजरीबाईला तुळशीबाईनं स्वतःचं नवं लुगडं नेसवलं होतं आणि वर तो स्वेटर. स्वागत झालं, शाल झाली. मी तिची ओळख करून दिली, जन्मापासून शेवटच्या संग्रहापर्यंत. एकदाही कागद पाहिला नाही.

तिच्या हातात 'तळ्याचं वर्ष' दिलं, पान उघडून. तिनं सर्वात प्रसिद्ध ओळ वाचली: 'पाणी सगळं परत करतं, फक्त वेळेवर नाही.' थांबली. पुन्हा तीच ओळ वाचली. मग पुन्हा तीच. बोटानं खालची ओळ शोधत होती, पण डोळे वरच जात होते. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. चुडामणसरांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी 'आटपा' म्हटलं.

मी माइक घेतला. माझी ती ओळ म्हटली आणि विचारलं, "मॅडम, ही तुमची कविता कुठल्या पुस्तकातली?"

ती आठवू लागली. सगळा हॉल वाट बघत होता. म्हणाली, "माझी आहे का? मला वाटतं, माझीच आहे."

मी म्हटलं, "नाही. ती मी लिहिलीय." आणि मराठीत सगळ्यांसाठी सांगितलं, "या बाईंना स्वतःच्या कविता ओळखता येत नाहीत. या कविता कोणाच्या आहेत, हे यांनी आज सांगावं."

टाळ्या पडल्या. एका यूट्यूब चॅनलवाल्यानं मोबाइल वर केला.

तिला राग आला नाही. ती माझ्याकडे वळली आणि अगदी आनंदानं म्हणाली, "तुम्ही लिहिलीत? मग तुम्ही का वाचत नाही?"

लोकांना ती पळवाट वाटली. मोठ्यांदा हसले. त्या हसण्यानं ती दचकली. पुस्तक पडलं. ती उठून दार शोधू लागली, पण दाराकडे न जाता मंचामागच्या पडद्यात शिरली आणि तिथेच हातांनी कापड चाचपत राहिली. "तुळशी, तुळशी" अशा हाका. तुळशीबाई मागच्या बाकावरून उठेपर्यंत रिना धावत वर आली, पडदा बाजूला केला, तिला मिठीत घेतलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

भरतसर नंतर म्हणाले, "जबरदस्त, शीलाताई." मला हवं होतं तेच झालं. मग आज जेवण का गेलं नाही?

२२ जानेवारी

व्हिडिओला नाव दिलंय, 'शहाद्यात बनावट इंग्रज कवयित्रीचा पर्दाफाश'. मुलं वर्गात मला पाहून कुजबुजतात. आदरानं की कशानं, कळत नाही. सासूबाईंना मोबाइलवर दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "तिले घर सापडत नव्हतं का?" मी म्हटलं, "घर नाही, दार." त्या पदरानं चष्मा पुसत बसल्या.

२४ जानेवारी, बुधवार

रिना कॉलेजला आली. उभीच राहिली.

"मॅडम, माजरीबाईंना विसरायचा आजार आहे. मेंदूचा. तिकडच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं. आधी अलीकडचं जातं, मग शब्द जातात. जुनं सगळ्यात शेवटी."

मी म्हटलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"त्यांनी वचन घेतलं होतं. तिकडे एखादा शब्द विसरला की सगळे कसे बघायचे, ते त्यांना सहन व्हायचं नाही. शब्दांवरच जगल्या ना त्या. म्हणून इथे आल्या. इथे त्यांना शब्द येत नाही याचं कोणाला नवल वाटत नाही. गोरी बाई आहे, आपली भाषा शिकतेय, एवढंच. विचारलं की आई सांगते. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगते."

मला बसावंसं वाटत होतं, पण मी बसलेलीच होते.

"मग मला फोन कशाला केलास?"

तेव्हा ती रडली. "त्यांना त्यांच्या कविता कोणीतरी वाचून दाखवाव्यात म्हणून. माझ्या इंग्रजीनं ते होत नाही. तुम्हाला सगळ्या पाठ होत्या, मॅडम."

२७ जानेवारी

काल झेंडावंदन झाल्यावर रजेचा अर्ज दिला. आज वर गेले.

वाटेत मनाची तयारी केली होती, की तिला काही आठवणारच नाही, मी नवी पाहुणी म्हणून बसेन, ती पुन्हा नाव विचारेल. तसं झालं नाही. तिला माझं नाव आठवलं नाही, कॉलेज आठवलं नाही. पण मी ओट्याशी आले तशी ती तुळशीबाईच्या मागे सरकली आणि तिचा पदर धरून बसली. काय झालं होतं ते गेलं, भीती मात्र राहिली.

मी हात जोडले. तुळशीबाई म्हणाली, "तिकडे बस, झाडाखाली. जवळ नको येऊ आज." आवाजात राग नव्हता. गोठ्यात नव्या माणसाला सांगतात तसं सांगितलं.

मी महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली बसले आणि पुस्तक न उघडता 'तळ्याचं वर्ष'मधली पहिली कविता म्हटली. मग दुसरी. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिसऱ्या कवितेला तिचं डोकं हलायला लागलं, चाल धरल्यासारखं.

त्या कवितेत एक बाई चूल फुंकताना सांगते की राखेखाली सगळं टिकतं. पंधरा वर्षं मी वर्गात शिकवलं की ती बाई म्हणजे कवयित्रीची प्रेरणादेवता. आज समोर चूल होती. नानीबाई. एन. मी इतकी हुशार, आणि हे नाव माझ्या कानावरून दोन महिने नुसतं गेलं.

४ फेब्रुवारी, रविवार

हा आठवडा जवळजवळ सगळा वरच. रिनाच्या खोलीत झोपते. हेमकांतनं कपडे आणि सासूबाईंनी केलेल्या कळण्याच्या भाकरी पाठवल्या. म्हणाला, "तू र्‍हाय. घरनं मी पाहीसू."

रोज झाडाखाली बसून कविता म्हणते. काल तिनं हातानं जागा दाखवली, ओट्यावर, तुरीच्या ढिगापलीकडे. तुळशीबाईनं माझ्यापुढेही शेंगा टाकल्या. माजरीबाईनं एक शेंग उचलून विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. तिनं तुळशीबाईकडे बघितलं, मीही बघितलं. तुळशीबाईनं शब्द सांगितला आणि आम्ही दोघींनी तो म्हटला. माझा उच्चार चुकला. माजरीबाई खळखळून हसली.

यूट्यूबवाल्याला फोन करून व्हिडिओ काढायला सांगितला. म्हणाला, आता तो सगळीकडे गेलाय, मॅडम. भरतसरांनाही खरं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला पुरावा मिळाला असेल. नाहीतर मीच थांबवलं असतं." पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मला दुसरा अर्थ सापडला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

तिची भाची जोआना आली. व्हिडिओमुळे. तिला माहीतच नव्हतं मावशी कुठे आहे; चार महिने शोधत होती. व्हिडिओत तिनं फक्त एवढंच पाहिलं, की अनोळखी लोकांच्या हॉलमध्ये तिची मावशी पडदे चाचपतेय आणि लोक हसतायत. उद्या घेऊन जाणार.

भांडायला आलेली नव्हती. पन्नाशीची, थकलेली बाई आहे. मी तिला सांगितलं की माइकवरची ती मीच. तिनं मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "मग आता तुम्हीच मला हे लोक काय म्हणतात ते सांगा. पण बरोबर सांगा."

दुपारभर दुभाषी झाले. एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

तुळशीबाई म्हणाली, "हिला सांग, आम्हाला जड नाही. ती विसरते, आम्ही पुन्हा सांगतो. त्यात काय जातं?"

जोआना म्हणाली, "सांगा, मला कळतंय. पण आजार वाढणार आहे. उद्या तिला गिळता येणार नाही, चालता येणार नाही. मोठा दवाखाना किती दूर आहे?"

मी ते सांगितलं. उदेसिंग घाटाकडे बघत राहिले. पावसाळ्यात दरड कोसळली की गाडी येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी ते जोआनाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण सांगितलं. तुळशीबाईनं यावर वाद घातला नाही. उठली आणि सामान बांधायला लागली.

मी मधे पडून नुकसान केलं नसतं तर माजरीबाईला अजून निदान पावसाळ्यापर्यंत इथे राहता आलं असतं. हे कोणी मला बोललं नाही. म्हणून मी लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पहाटेची थंडी होती, तळ्यावर काही दिसत नव्हतं. तुळशीबाई जीपपाशी आली नाही. घरातच तिचा निरोप घेतला होता. ओट्यावर उभी राहिली, पाठ करून, जसं काही तूर वाळत घालायची आहे.

पुढे ड्रायव्हर आणि रिना, मागे जोआना, मधे माजरीबाई, कडेला मी. नंदुरबारपर्यंत मी सोबत जाणार होते.

पहिल्या वळणावर माजरीबाई बोलायला लागली. खिडकीबाहेर बोट करून एकेक पावरी शब्द. जोआनाचा चेहरा पडला. तिला वाटलं, मावशीची वाचा बिघडली. म्हणाली, "काय बरळतेय ही?"

मी म्हटलं, "बरळत नाहीत. दगड म्हणतायत. आता झाड. ते महूचं झाड. आता, बाई पाणी घेऊन जाते." एका इंग्रज कवयित्रीचे शब्द मी तिच्याच भाचीसाठी इंग्रजीत सांगत होते. जोआना आधी ऐकत राहिली, मग तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि तीही बाहेर बघू लागली.

घाटाच्या मध्यावर माजरीबाईनं एक शब्द म्हटला जो मी ऐकला नव्हता. जोआनानं विचारलं, "हा कोणता?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

माजरीबाईनं तो पुन्हा म्हटला, माझ्याकडे बघून, जरा हळू, शिकवताना म्हणतात तसा. मला अजून कळलं नव्हतं. तेव्हा तिनं माझा हात धरला. माझी बोटं सरळ केली आणि तळवा खिडकीच्या काचेवर दाबून धरला. काच गार होती, पलीकडे दरी नव्हती, डोंगर नव्हता, सगळं पांढरं. हात काढला तेव्हा काचेवर ओला पंजा उमटला होता आणि त्यातून रस्त्याची कड दिसत होती.

मी तो शब्द म्हटला. तिनं मान हलवून, उच्चार दुरुस्त करून, पुन्हा म्हणायला लावला.

मग मी जोआनाकडे वळून सांगितलं, "धुकं. त्या धुकं म्हणतायत."